यादी लागण्यापूर्वी

भात घरात येऊन पडले, मळणीचा कोंडा अंगावरून झडला, घटप्रभा आणि ताम्रपर्णी या दोन्ही नद्या पावसाळ्यातील उन्माद विसरून आपापल्या पात्रातून सभ्यपणे वाहू लागल्या आणि उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांनी निम्मा रस्ता अडवून धरला, म्हणजे चंदगड तालुक्यात दोन याद्यांची प्रतीक्षा सुरू होते. पहिली यादी ऊसतोडणीच्या क्रमपाळीची. तिच्यात आपले नाव केव्हा लागते यावर मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज आणि घरावरची कौले या तिन्ही गोष्टी अवलंबून असल्यामुळे तिची वाट पाहणाऱ्यांच्या मुद्रा गंभीर असतात. दुसरी यादी साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची. तिच्यावर चंदगडातील कोणाचे काहीच अवलंबून नसते, आणि म्हणूनच की काय, तिची वाट पाहणाऱ्यांच्या मुद्रा त्याहूनही गंभीर असतात.

या दुसऱ्या यादीचे उपासक संख्येने अत्यल्प आहेत हे प्रारंभीच मान्य केलेले बरे. वाचनालयाच्या पडवीत जो लाकडी बाक आहे त्यावर ते सर्वच्या सर्व मावतात, आणि त्यांपैकी एखादा रागावून उठून गेल्यास उरलेल्यांस मांडी घालून बसता येते. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले अण्णा हे या मंडळाचे स्वयंघोषित शिरस्तेदार. ज्यांच्या हाताखालून निम्मा तालुका छड्या खाऊन गेला ते हेडमास्तर हे वाङ्मयीन प्रमुख. काजूचा कारखाना चालवणारे शेट हे चहाचे प्रमुख, आणि म्हणून त्यांच्या मताला किंमत. ग्रंथपालबाई बाकावर बसत नाहीत. त्या आत टेबलाशी बसून पडवीतले सर्व ऐकतात आणि आपल्या वाट्याचे वाक्य योग्य वेळी खिडकीतून बाहेर सोडतात. प्रस्तुत लेखकास बाकाच्या टोकाशी, म्हणजे बाकाचा पाय लंगडा आहे त्या बाजूस, जागा असते.

येथे अकादमीच्या कार्यपद्धतीविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे, कारण सर्व अनर्थाचे मूळ तेथेच आहे. १९५४ साली उद्घाटन झालेली ही संस्था १९५५ पासून ग्रंथांना पुरस्कार देत आली असून आज तिच्या मान्यताप्राप्त भाषांची संख्या २४ आहे. प्रत्येक भाषेत तज्ज्ञांकडून ग्रंथांची एक मूळ यादी करवून घेतली जाते, ती जाणकारांकडे शिफारशींसाठी जाते, शिफारशींच्या चाळणीतून उरलेली पुस्तके तीन परीक्षकांपुढे येतात, आणि बहुधा डिसेंबरात दिल्लीहून एकेका भाषेचे एकेक नाव जाहीर होते. म्हणजे यादी असते, ती प्रथम लांब असते आणि मग आखूडही होते. फक्त ती कोणी चावडीवर लावीत नाही.

विलायतेतील बुकर पारितोषिकाचा व्यवहार याच्या अगदी उलट. १९६९ साली सुरू झालेल्या त्या पारितोषिकाची दीर्घ यादीही आरंभी परीक्षकांच्या दप्तरातच राहत असे. २००१ पासून मात्र ती राजरोस प्रसिद्ध होऊ लागली. बारा-तेरा नावे जाहीर होतात, काही आठवड्यांनी त्यांची सहा होतात, सहांचे एक होते, आणि मधल्या काळात तिकडच्या सट्ट्याच्या पेढ्या घोड्यांवर काढावेत तसे कादंबऱ्यांवर भाव काढतात. ही माहिती प्रथम बाकावर आली तेव्हा हेडमास्तर संतप्त झाले. “सरस्वतीच्या दरबारात जुगार!” असे ते म्हणाले, क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी साधारण काय भाव निघतो याची चौकशी केली.

अण्णांचा आक्षेप निराळ्या स्वरूपाचा होता. “प्रारूप यादी नाही, हरकती-सूचना नाहीत, सुनावणी नाही, आणि एकदम अंतिम यादी!” ते म्हणाले. “ग्रामपंचायतीच्या मतदारयादीस जी मुदत मिळते ती ग्रंथास मिळू नये, हा कुठला न्याय?” आणि दिल्ली जे कर्तव्य बजावीत नाही ते चंदगडाने बजावले पाहिजे या भावनेने त्यांनी त्याच सायंकाळी एका जुन्या आवक-जावक रजिस्टराच्या कोऱ्या पानांवर तांबड्या शाईने रकाने आखले : अनुक्रमांक, ग्रंथनाम, कर्ता, प्रकाशनवर्ष, शिफारस करणाराचे नाव व शेरा. तेव्हापासून दरसाल दिवाळी आटोपली की तालुक्याची स्वतंत्र दीर्घ यादी सिद्ध होते. तिची प्रत अकादमीस पाठवावी असा ठराव दरवर्षी मंजूर होतो. टपालखर्च कोणत्या सदराखाली टाकावा हा मुद्दा तहकूब राहतो.

या रजिस्टरातील शेऱ्याचा रकाना हा माझ्या मते मराठी समीक्षेतील एक दुर्लक्षित ऐवज आहे. “चांगले आहे असे समजते.” “जाड आहे.” “कर्ता सज्जन. बेळगावच्या व्याख्यानात पाहिला होता.” “पात्रांस आडनावे नाहीत, त्यामुळे नोंद घेता येत नाही.” एका काव्यसंग्रहापुढे हेडमास्तरांनी “ऱ्हस्वदीर्घ शुद्ध” एवढेच लिहिले आहे, आणि त्यांच्या लेखी त्याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. शेटांची पद्धत तर पूर्णपणे त्यांच्या धंद्यातली. काजूगराचा आकडा जितका लहान तितका गर मोठा, कारण एका पौंडात किती गर बसतात त्यावर तो आकडा ठरतो. तेव्हा दोनशेचाळीस हा तीनशेवीसपेक्षा वरचा, त्याखाली पाकळी, त्याखाली तुकडा आणि सर्वांच्या तळाशी कणी. शेट पुस्तकांचीही प्रतवारी अशीच लावतात. “हे बघा, सुरुवात दोनशेचाळीस हाय,” असे ते एका गाजलेल्या कादंबरीविषयी म्हणाले, “पण मधल्या परकरणात पाकळी झाल्या, आणि शेवट म्हंजे निव्वळ कणी.” ते मत त्या कादंबरीवरील दोन विस्तृत परीक्षणांपेक्षा मला अधिक पटले. मागाहून असे कळले की शेटांनी कादंबरी वाचलेली नव्हती. त्यांनी परीक्षणे वाचली होती.

वाचलेली नव्हती, हा दोष मात्र एकट्या शेटांचा नव्हे. लहान वाचनालयाची ग्रंथखरेदी हा एक स्वतंत्र अध्याय आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात, वर्गाप्रमाणे अनुदान मिळते, अनुदानाबरोबर शासनमान्य ग्रंथांची यादी येते, आणि या सर्व वाटांनी फिरत फिरत एखादे नवे पुस्तक सह्याद्रीच्या या टोकापर्यंत पोहोचते तेव्हा त्याच्या नवेपणाचा काळ बहुधा संपलेला असतो. पुरस्कार मिळाला की मग पुस्तक येते. म्हणजे ज्या काळात त्याच्याविषयी वाद घालावयाचा, नेमक्या त्याच काळात ते गावात नसते. आणि पुस्तकाचा मजकूर आड येत नसल्यामुळे वाद किती निर्वेध व उच्च पातळीवर चालतो, हे ज्याने तो ऐकला आहे त्यासच ठाऊक.

जी थोडी पुस्तके वेळेवर येतात त्यांची साक्ष बाईंच्या हाती असते. पुस्तकाच्या अखेरच्या पानावर देवघेवीच्या तारखांचा जो कागद चिकटवलेला असतो तो खोटे बोलत नाही. गेल्या साली एका महाकाय कादंबरीवरून पडवीत असे रण माजले की हेडमास्तरांनी तिला युगप्रवर्तक आणि अण्णांनी तिला अव्यवहार्य ठरवले; आवाज चढले, चष्मे उतरले, शेटांनी दुसऱ्यांदा चहा मागवला. तेव्हा बाईंनी तीच कादंबरी खिडकीतून बाहेर धरली. तारखांचा कागद कोरा होता. एवढेच नव्हे, तर मधली आठ पाने बांधणाराच्या हातून कापावयाची राहून गेल्यामुळे परस्परांस जोडलेलीच होती. काही वेळ कोणी बोलले नाही. मग हेडमास्तर म्हणाले, “मी ग्रंथाच्या एकंदर भूमिकेविषयी बोलत होतो.”

आता कोणी विचारील की या आडरानातील तालुक्याने दिल्लीच्या यादीत एवढे मन का गुंतवावे? त्याचे उत्तर दोन नोंदींत आहे, आणि अण्णा त्या दोन्ही तोंडपाठ म्हणून दाखवतात.

पहिली नोंद १९५६ ची. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला, तो “चंदगड तालुका वगळून”. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात आलो ते या एका क्रियाविशेषणाच्या आधाराने. इतर तालुक्यांची नावे राष्ट्राच्या दप्तरात त्यांच्या कर्तृत्वाने चढली असतील. आमचे नाव वगळले गेल्यामुळे चढले. तेव्हापासून कोणतीही यादी आली की चंदगडचा मनुष्य तिच्यात काय आहे हे नंतर पाहतो; प्रथम काय वगळले आहे ते शोधतो, आणि वगळलेल्याच्या बाजूने सहानुभूतीने उभा राहतो.

दुसरी नोंद १९६४ ची. ताम्रपर्णीच्या काठी वसलेले कोवाड हे आमच्याच तालुक्यातील गाव, आणि त्या गावचे रणजित देसाई. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्वामी’ या थोरल्या माधवराव पेशव्यांवरील कादंबरीस १९६४ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे आठ वर्षांपूर्वी ज्या दिल्लीने तालुक्याची नोंद वजाबाकीत केली होती तिनेच ती बेरजेत केली. हेडमास्तर सांगतात की त्या बातमीनंतर कोवाडच्या बाजाराला जाणारा मनुष्य मिरच्या घेऊन परतला तरी तोंडावर असा भाव ठेवी की जणू पुण्याच्या शनिवारवाड्यातूनच येत आहे. मात्र त्यानंतर तालुक्याच्या खात्यावर दुसरी जमा पडलेली नाही, आणि “कोवाडनंतर कोण?” हा प्रश्न दर डिसेंबरात बाकावर नव्याने उपस्थित होतो.

खाते रिकामे राहू नये म्हणून अण्णांनी एक तोड काढली आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर जसा ‘इतर हक्क’ असा रकाना असतो तसा एक रकाना त्यांनी रजिस्टरातही आखला असून जिल्ह्यातील प्रत्येक पुरस्कारावर तालुक्याचा अंशतः हक्क तेथे रुजू केला आहे. १९९० चे आनंद यादवांचे ‘झोंबी’ : कागल, परंतु जिल्हा एक. १९९२ चे विश्वास पाटलांचे ‘झाडाझडती’ : शाहूवाडी, परंतु पाऊस सारखाच. २००१ चे राजन गवसांचे ‘तणकट’ : गडहिंग्लजकडचे, म्हणजे जवळजवळ घरचे. २०२१ चे किरण गुरव आणि २०२३ चे कृष्णात खोत : कोल्हापूर जिल्हा, सबब हक्क अबाधित. २०२२ चे प्रवीण बांदेकर सावंतवाडीचे असल्यामुळे जरा अडचण आली होती; पण तिलारीचा घाट उतरला की सिंधुदुर्गच लागतो, आणि घाटाचे वरचे तोंड निर्विवादपणे आमच्या हद्दीत आहे, असा शेरा मारून अण्णांनी तेही प्रकरण निकाली काढले. तीन वर्षांत लागोपाठ तीन नावे आपल्या बाजूची लागल्यावर शेटांनी खारवलेले काजू वाटले.

या उत्सवात विघ्न येते ते शेटांच्या व्याह्यांच्या रूपाने. हे गृहस्थ बेळगावचे. बेळगावात असतात तोवर ते मराठीचे इतके कडवे अभिमानी असतात की दुकानाची पाटी कन्नडमध्ये असल्यास तेथली मोसंबीसुद्धा त्यांना आंबट लागते. पण शिनोळीची वेस ओलांडून चंदगडात पाऊल टाकले की त्यांच्यातील कर्नाटक जागे होते. “ज्ञानपीठं किती तुमची? चार. तिकडं आठ हाईत,” असे ते बाकावर टेकतानाच म्हणतात. ही संख्या दुर्दैवाने खरी आहे. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे असे आमचे चौघे; आणि १९६७ च्या कुवेंपूंपासून २०१० च्या कंबारांपर्यंत त्यांचे आठ, त्यांत हे कंबार तर पुन्हा बेळगाव जिल्ह्यातले. त्यात २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यापासून व्याही बाकावर न बसता खुर्ची मागू लागले आहेत.

पण हेडमास्तर हार जाणारे नव्हत. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी मराठीतही लेखन केले, सबब आठातून एक वजा. गिरीश कर्नाडांचा जन्म माथेरानचा, म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवरचा, सबब आणखी एक वजा. आठाचे सहा झाले. तेच दोन इकडे जमा केले की चाराचे सहा. “बरोबरी!” असे म्हणून त्यांनी उपरणे झटकले. अण्णांनी मात्र मान हलवली. एका प्रकरणी मातृभाषा आणि दुसऱ्या प्रकरणी जन्मस्थान असे दोन निकष एकाच निवाड्यात लावता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि सीमाप्रश्न इतकी वर्षे का रेंगाळला आहे याचा थोडासा उलगडा मला त्या पडवीत झाला.

वाङ्मयाच्या इतिहासात अण्णांना जिव्हाळा आहे तो तांत्रिक मुद्द्यांचा. १९५७ साली मराठीस पुरस्कारच दिला गेला नाही. त्या वर्षापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ असे लिहिले आहे आणि ते पान उघडले की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’स १९७३ चा पुरस्कार मिळाला, ग्रंथाच्या प्रकाशनकाळावरून वाद उपस्थित झाला, आणि त्या मानी लेखकाने पुरस्कार परत करून टाकला. इतर वाचक जी.एं.च्या कथांतील नियतीविषयी बोलतात. अण्णा त्या मुदतीच्या मुद्द्याविषयी बोलतात, आणि बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून येतो. नंदा खरे यांनी ‘उद्या’ या कादंबरीचा २०२० चा पुरस्कार नाकारला, त्यापुढे मात्र त्यांना शेरा सुचेना. नाकारलेल्या रकमेची नोंद जमेत करावी की खर्चात, हे त्यांच्या संपूर्ण सेवाकाळात कधी उद्भवले नव्हते.

राज्य शासनाच्या यादीने तर एकदा त्यांनाही थक्क केले. २०२२ च्या डिसेंबरात शासनाचे वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले, त्यांत कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाचे नाव होते; आणि आठवडा पुरा होतो न होतो तोच तो पुरस्कार रद्द करून परीक्षण समितीही बरखास्त केल्याचा शासननिर्णय निघाला. अनुवादाचा तो पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा, आणि हेच तर्कतीर्थ अकादमीच्या मराठी यादीतील अगदी पहिले, १९५५ चे, मानकरी. यादीत चढवून मग वगळणे, हा प्रकार चंदगडास नवा होता; आम्ही वगळून चढलेले लोक. तोपर्यंत त्या पुस्तकाचे नाव आमच्या प्रारूप यादीत कोठेच नव्हते. शासननिर्णय निघाला त्याच संध्याकाळी बाईंकडे चौघांनी ते मागितले, आणि मागणी नोंदवही पहिल्यांदाच भरली.

एवढी सर्व सिद्धता झाल्यावर प्रत्यक्ष नाव जाहीर होण्याचा दिवस उजाडतो. पूर्वी आकाशवाणीच्या बातम्यांसाठी पडवीत कानाला हात लावून बसत. आता शेटांच्या फोनवर निरोप पडतो आणि ते तो मोठ्याने वाचून दाखवतात. २०२४ चा प्रसंग मी पाहिला आहे. आमच्या प्रारूप यादीत कादंबऱ्या होत्या, कथासंग्रह होते, शेटांच्या आग्रहास्तव काजू लागवडीवरील एक पुस्तिकाही होती. पुरस्कार मिळाला सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथास. समीक्षेचा विचार बाकावर कोणाच्याही मनात आला नव्हता, आणि ही चूक वस्तुतः अक्षम्य. कारण मराठीतील आरंभीचे मानकरी पाहावेत तर १९५५ साली संस्कृतीचा इतिहास, १९५६ साली मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र, १९५८ साली चिंतामणराव कोल्हटकरांचे आत्मचरित्र, १९५९ साली भारतीय साहित्यशास्त्र, असा विद्वत्तेचा घाट चढून मगच १९६० साली ‘ययाति’च्या रूपाने पहिली कादंबरी दृष्टीस पडते.

आश्चर्याचा भर ओसरताच हेडमास्तर म्हणाले की आपण समीक्षेचे सूतोवाच दिवाळीपूर्वीच केले होते. शेट म्हणाले, आपणही त्यास दुजोरा दिला होता. अण्णांनी रजिस्टर उघडून तसे काही नोंदलेले नाही असे दाखवले, तेव्हा दोघांनीही तोंडी सूचनेची नोंद न घेणे ही कार्यालयाची हयगय असल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला. पुरस्कारप्राप्त ग्रंथ वाचनालयात आहे काय, असे कोणी तरी खिडकीत विचारले. नाही, असे उत्तर आले.

मग अण्णांनी चष्मा पुसला, तांबडी शाई घेतली आणि पुढील सालचे काम हाती धरले. पुरस्काराच्या आदल्या वर्षाच्याही आधीची पाच वर्षे एवढाच ग्रंथांचा विचारकाळ असल्यामुळे, नवे साल लागले की मागचे एक संपूर्ण वर्ष विचारातून बाद होते, आणि त्या वर्षीच्या पुस्तकांवर एक सरळ रेघ मारून ‘मुदतबाह्य’ असा शिक्का उठवणे हा अण्णांच्या आयुष्यातील उरलेल्या थोड्या आनंदांपैकी एक आहे. तिसऱ्या पुस्तकावर रेघ पडताच शेट एकदम उठून उभे राहिले. बाकाचा तोल जाऊन मी खाली येता येता वाचलो.

“ते खोडू नका,” शेट काकुळतीने म्हणाले. “ते मी घरी नेलंय. वाचुलोय.”

पडवी स्तब्ध झाली. हेडमास्तरांनी त्यांच्याकडे, एखादा मागच्या बाकावरचा विद्यार्थी अकस्मात हात वर करतो तेव्हा पाहावे, तसे पाहिले.

“कुठवर आलात?” अण्णांनी विचारले.

“चाळीस पानं झाली. अजून सगळं अख्खं हाय, कुठं फुटल्यालं न्हाई.”

“दिलगीर आहे,” अण्णा म्हणाले. “प्रकाशनवर्ष नियमात बसत नाही.”

तेव्हा खिडकीतून बाईंनी शेटांच्या नावावर ते पुस्तक आणखी पंधरा दिवसांसाठी वाढवून दिल्याचे जाहीर केले, आणि अण्णांनी, सदर मुदतवाढ दिल्लीस लागू नाही, असे शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतले.